न आलेला काका

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात द्वारकाआक्का नावाची एक बाई राहत होती. जीभ तिखट, हात सदा चालता, आणि एका जागी बसेल तर शपथ! घाट चढून जाणारे प्रवासी तिच्या पडवीतल्या खोलीत मुक्कामाला उतरत. गावात अशा खोल्या देणारी आणखीही पाच-सात घरं होती.

खोली आधीपासून धरून ठेवायची रीत अगदी सोपी होती. बाजारच्या गाडीवानाबरोबर एक सुपारी पाठवायची, किती माणसं आणि कोणत्या वारी येणार ते सांगायचं. घरवालीनं सुपारी ठेवून घेतली की खोली तुमची. मग राजा जरी दारात उभा राहिला तरी ती त्याला मिळायची नाही.

पूर्वी पाहुणा आला की आधी गूळपाणी आणि मग नावगाव, असा त्या गावाचा शिरस्ता होता. पण गेल्या साली चार पोरं एकटीच आली, शेजारच्या नारोबाच्या खोलीत कणसं भाजायला बसली आणि त्याची गादी पेटवून मोकळी झाली. नारोबानं गाव डोक्यावर घेतलं. पंच बसले आणि ठरलं, की मिसरूड न फुटलेल्या पोरांना मोठ्या माणसाशिवाय खोली द्यायची नाही. उंबऱ्याबाहेरच विचारायचं, "बरोबर मोठं कोण?" उत्तर मिळालं तरच गूळपाणी. झालं! गाव निर्धास्त झालं.

त्या साली घाटमाथ्यावर कारवी फुलली. सात वर्षांनी फुलणारी ती, बघायला माणसांची रीघ लागली. एक दिवस गाडीवान सुपारी घेऊन द्वारकाआक्काकडे आला. "चार माणसं, बुधवारी," म्हणाला. माणसं कोण, कुठली, हे विचारावं की नाही? पण चुलीवर दूध उतू चाललं होतं. आक्कानं सुपारी डब्यात टाकली आणि आत पळाली.

बुधवारी ऐन दुपारी दारात उभी राहिली तीन पोरं. पंधरा वर्षांची एक उंच मुलगी आणि तिच्याहून लहान दोन मुलगे. पाय धुळीनं माखलेले, तोंडं सुकलेली.

"चौघं येणार होता ना? बरोबर मोठं कोण?" आक्कानं विचारलं.

मुलीनं पोरांकडे बघितलं. "काका आहेत. मागून येताहेत."

"किती मागं?"

"हे... तिकडं. ओढ्यापाशी."

खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि त्या बिचारीला तो नव्हता. आक्कानं स्वतःची तीन पोरं वाढवली होती, तिला हे कळत नव्हतं असं कुणी समजू नका. पण सुपारी घेतलेली. नाही म्हणावं तर शब्द मोडतो, हो म्हणावं तर पंच अंगावर येतात. या काकानं दोन्ही बाजूंनी तिची सुटका केली. "या आत," ती म्हणाली.

तिथून तिच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. भाकरी वाढली तर पोरं खाईनात. एकानं हळूच दोन भाकऱ्या उपरण्यात गुंडाळल्या. दुसरा उठून दाराशी जाई, आभाळाकडे बघे, परत येऊन बसे. मुलगी, तिचं नाव गोदू, घुटमळत चुलीपाशी आली.

"आक्का, थोडी हळद मिळेल? आणि एक जुनं लुगडं?"

"कशाला गं?"

"काकांना हवंय."

"काकांना लुगडं?"

गोदूचा चेहरा लालबुंद झाला आणि ती पाय ओढत खोलीत निघून गेली. आता मात्र आक्काला राहवेना. ती तरातरा कुंपणाशी गेली आणि तिनं नारोबाला हाक मारून सगळं सांगितलं.

"तू विचारलंस ना? त्यांनी काका सांगितला ना?" नारोबा सुपारी कातरत म्हणाला. "मग तू मोकळी. उद्या काही बरंवाईट झालं तर काकाकडे बोट दाखव. आपल्याला काय करायचंय?"

मोकळी! आक्का घरी आली. सकाळी झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं. भरलेली घागर ओतून पुन्हा भरली. रस्त्याकडे दहादा बघितलं. रस्त्यावर एक शेळी होती, काका नव्हता. मोकळी आहे तर मग चैन का पडत नाही? पोरांचा राग येत होता, नारोबाचा येत होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःचाच येत होता. घाटमाथ्यावर ढग काळे होत चालले होते.

तेवढ्यात तिन्ही पोरं गाठोडं घेऊन परसदारानं सटकायला निघाली. आक्का आडवी उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. पोरं भिंतीला चिकटली. आता बाई ओरडणार, असंच त्यांना वाटलं. पण आक्कानं गुळाचे खडे आणि पाण्याचे तांबे आणले, त्यांच्या हातात दिले आणि स्वतः जमिनीवर फतकल मारून बसली.

"काका नाही. मला दारातच कळलं होतं. तुम्ही खोटं बोललात आणि मी ते आनंदानं ऐकून घेतलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. म्हणजे चूक दोघांचीही. आता कुणी कुणाला हाकलत नाही. सांगा, काय झालंय?"

गोदूचा बांध फुटला. चौथा तिचा धाकटा भाऊ सखा होता. मामाकडे जातो असं घरी सांगून चौघं कारवी बघायला निघाली होती. पुढच्या खेपेला कारवी फुलेल तेव्हा आपण संसाराला लागलेले असू, असं त्यांना वाटलं होतं. सकाळी ओढा ओलांडताना सखाचा पाय मुरगळला आणि भोपळ्यासारखा सुजला. वेशीवरच्या पहिल्या घरात मदत मागायला गेली, तर "बरोबर मोठं कोण?" म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून दार लावलं. लंगडं पोर उचलून आणलं तर दुसरं दारही लागेल, म्हणून त्याला तिथंच ठेवलं. हळद आणि लुगडं घेऊन परत येतो म्हणाली होती.

"तिथंच म्हणजे कुठं?"

"ओढ्यातल्या मधल्या खडकावर. पाणी घोट्याएवढंच आहे तिथं, आणि सावली पण आहे."

आक्का ताडकन उठली. माथ्यावर पाऊस झाला की घटकाभरात तो ओढा पुरुषभर वाढतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ही पोरं लांबच्या सपाट मुलखातली. त्यांना कुठून ठाऊक असणार?

"नारोबा! गाडी जुंप!" तिची हाक सगळ्या गावानं ऐकली.

"अगं, पण त्यांचा काका..."

"काका हवाय ना तुला? आजपासून तूच काका! जुंप गाडी!"

गाडी पोचली तेव्हा गढूळ पाणी खडकावर चढलं होतं. सखा खडकाला मिठी मारून बसला होता. दुपारभर ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलत होते. नारोबानं धोतर खोचलं, तोंडानं सगळ्या पोरजातीचा उद्धार करत छातीभर पाण्यात शिरला आणि त्याला खांद्यावर घालून बाहेर आला. काठावर पोचल्यावर त्यानं सखाला गाडीत निजवलं. वळून बघितलं तर खडक दिसत नव्हता.

आक्कानं त्याच पावली पोरांच्या घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सखाचा बाप आला तो तणतणतच. सगळं पडवीतच सुरू झालं.

"बरोबर मोठं माणूस नाही, हे दिसत होतं ना तुम्हाला? तरी पोरांना घरात घेतलंत कसं?"

"नसतं घेतलं," आक्का म्हणाली, "तर आज तुम्ही कुणाच्या दारात येऊन भांडला असतात?"

बापाची नजर खोलीत गेली. हळद लावलेला पाय उशीवर ठेवून सखा झोपला होता. बाप पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

आक्का त्याच्या शेजारी टेकली. "माझी पाठ थोपटू नका, दादा," ती म्हणाली. "घरात घेतलं खरं, पण विचारलं उशिरा. तुमचं लेकरू पाण्यात बसलं होतं आणि मी इथं झाडलेलं अंगण झाडत होते."

तात्पर्य: अंगावरची जबाबदारी झटकण्यासाठी प्रश्न विचारला, की सोयीचं खोटंच कानावर येतं. लेकराला आधी आत घ्यावं, आणि खरं कळेपर्यंत त्याच्याजवळ बसावं.