घोंगडीला पडलेला प्रश्न

मंडळी, गिऱ्हाइकाच्या आधी मालालाच स्वतःची शंका आली तर? फार मागे एका धनगरवाड्यात तसंच झालं. ऐन थंडीत एक घोंगडी रात्रभर पाण्याच्या रांजणावर पडून होती, तरी सकाळी पाणी गारठणच! "माझी ऊब संपली की काय?" घोंगडी गोंधळली.

तेवढ्यात मेंढी नुकतंच जन्मलेलं, थरथरणारं कोकरू घेऊन आली. "बाई, घे गं याला पोटाशी."

"नको! माझ्यात ऊबच नाही. पोर हातचं जाईल तुझं."

"तुझं रडगाणं उद्या ऐकते. आधी पसर!"

घोंगडी भीतभीतच कोकरावर पसरली. हळूहळू त्याची थरथर थांबली आणि ते दुधासाठी ओरडू लागलं.

घोंगडी आणखीच गोंधळली. "मी तर काहीच दिलं नाही. मग ऊब आली कुठून?"

"त्याचीच होती," मेंढी म्हणाली. "तू ती जाऊ दिली नाहीस."