बिशपसाहेबांची सरसकट क्षमा

आमच्या लुथरन मंडळीचे बिशप डॉक्टर अमोलिक यांचं मन फार मोठं. देवाने साऱ्या जगाला कधीच क्षमा केली आहे, कोणी विश्वास ठेवो न ठेवो, असं ते व्यासपीठावर मूठ आपटून सांगत. गावच्या चर्चचे पाळक केदारी मात्र म्हणत, विश्वास ठेवला तरच ती क्षमा पदरात पडते. एवढ्यावरून बिशपांनी सभा बोलावली.

"चूक कबूल करा, नाहीतर मंडळीने राहायला दिलेलं घर खाली करा," ते गरजले.

पाळकांची बायको सुलभाबाई उठल्या. "साहेब, देवाने आमच्या ह्यांनाही क्षमा केली आहे ना?"

"अर्थात. साऱ्या जगाला केली आहे."

"ह्यांचा त्यावर विश्वास नसला तरी?"

"तरीही," बिशप प्रेमाने म्हणाले.

"मग घर कशाला खाली करायचं? आणि कबूल केल्याशिवाय माफी नाहीच म्हणत असाल, तर आमचे हेही तेच शिकवतात. ह्यांना खुशाल काढा, फक्त रविवारी उपदेशाला तुम्ही उभे राहा. शिकवण काही बदलायची नाही."

बिशपांनी घड्याळ पाहिलं आणि चर्चच्या गळक्या छपराचा विषय काढला. छप्पर निदान उलट बोलत नव्हतं.