शेजाऱ्याच्या तुकड्यावरची करवत

ही गोष्ट फार जुन्या काळची. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. तिथल्या लोहारआळीतली जळफळ मात्र लोक अजून विसरलेले नाहीत, म्हणून सांगतो.

त्या आळीत दोन लोहार शेजारी राहत. एक गढ्या-किल्ल्यांचे दरवाजे करी. त्याचं लोखंड मनगटाएवढं जाड. दुसरा पाळणे करी, पातळ पोकळ नळ्यांचे. राज्यातलं बहुतेक प्रत्येक मूल त्याच्या पाळण्यात झोपलेलं. माणसाला आणखी काय हवं?

पण एके दिवशी दरवाजेवाल्याकडे चाककरवत आली. पायाने चाक फिरवायचं, दांडा खाली ओढायचा, की ठिणग्या उडत आणि जाड गज दोन तुकडे होऊन पडे. बघायला सगळा गाव लोटला. पाळणेवाल्याची बायकोसुद्धा पाहून आली. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखू लागलं, आणि ते दुखणं वैद्याचं नव्हतं.

बायको म्हणाली, "अहो, आपली करवत लहान असेल, पण तिनं कधी एक नळी तरी वाया घालवली का?"

"तू गप्प बस," तो खेकसला. "त्याच्या दारात जत्रा, आणि माझ्या दारात कुत्रंही उभं राहत नाही!"

नेमका त्याच सुमारास राजवाड्यातून निरोप आला. राणीला दिवस गेले होते आणि बारशाला पाळणा त्याच्याच हातचा हवा होता. दुसरा कुणी आनंदाने नाचला असता. याच्या मनात आलं ते एवढंच, की आता दरवाजेवाल्यापेक्षा मोठी करवत घ्यायलाच हवी.

करवती करणारी एक म्हातारी डोंगरापलीकडे राहत होती. तिची एक रीत होती. करवत हवी असेल त्याने आपल्या कामातला एक तुकडा आणून द्यायचा. तुकडा जाड असला तर ती विरळ दात पाडी, पातळ असला तर दाट. तुकडा पाहिल्याशिवाय ती हातोडीला हात लावत नसे.

पाळणेवाल्याने आपल्या नळीचा तुकडा उचलला आणि त्याला लाज वाटली. एवढीशी नळी! हिच्यावर कसली मिरवायची करवत होणार? मग तो हळूच शेजाऱ्याच्या भंगाराच्या ढिगाशी गेला आणि चांगला जाडजूड तुकडा उचलून आणला.

म्हातारीने तुकडा तळहातावर तोलला. "हा तुझ्याच कामातला का रे बाबा?"

"माझाच," तो म्हणाला. मत्सराला खोटं बोलायला शिकवावं लागत नाही.

बदल्यात त्याने आपली जुनी बारीक दातांची करवत देऊन टाकली. नवी दारात आली तेव्हा गर्दी जमली. दरवाजेवालाही आला आणि मनापासून म्हणाला, "वा! माझ्याहून मोठी की रे. आता पाळणा बघता बघता होईल तुझा." त्या दिवशी पाळणेवाला पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिली नळी लावली आणि दांडा ओढला. दोन दातांच्या मधल्या फटीत नळीची पातळ कड अडकली आणि नळी जुन्या धोतरासारखी फाटली. दुसरी चेपली. तिसरी उडून भिंतीवर आदळली. तरी तो थांबेना. शेजारून करवतीचा आवाज येत होता ना! संध्याकाळपर्यंत राणीच्या पाळण्याच्या सगळ्या नळ्या भंगारात गेल्या.

तो डोंगर ओलांडून म्हातारीकडे धावला. "तुझी करवत खोटी आहे!"

म्हातारीने खुंटीवरचा त्याचा जाड तुकडा काढला आणि फाटक्या नळीशेजारी ठेवला. "करवत खरी आहे, बाळा. तुकडा खोटा होता."

त्याची मान खाली गेली. "मग माझी जुनी करवत तरी परत दे."

"ती गेली. परगावचा एक कारागीर स्वतःची नळी घेऊन आला होता. दात जुळले, घेऊन गेला."

बारसं झालं. पाळणा परगावाहून आला. वाड्यात बायका पाळण्याची गाणी म्हणत होत्या, आणि इकडे पाळणेवाला ऐकू येऊ नये म्हणून दार लावून बसला होता. बायको म्हणाली, "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं."

काही दिवसांनी दरवाजेवाला दारात आला. संकोचून म्हणाला, "तुझी ती करवत नुसतीच पडून आहे. तिचे दात अगदी माझ्या कामाचे आहेत बघ. देतोस का?"

ठेवून तरी काय करणार? द्यावीच लागली. पाळणेवाल्याने ती स्वतःच्या खांद्यावरून शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवली. तेव्हापासून तिथे दोन चाककरवती चालू लागल्या आणि गर्दीही दुप्पट झाली.

म्हणून लहानथोरांनो, हत्यार निवडावं ते आपल्या कामाकडे बघून, शेजाऱ्याच्या दाराकडे बघून नव्हे.