कडक स्प्रिंग

गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. श्रीरंगनं आपल्या जुन्या गाडीला घट्ट-सैल करता येणाऱ्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. नाक्यावरचे मित्र म्हणाले, “गाडी एकदम कडक!”

मागची स्प्रिंग फुलून गेली. “मला अजून आवळ, अजून कडक कर,” ती पान्याला म्हणाली. श्रीरंगलाही तेच हवं होतं. त्यानं पाना फिरवला.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर त्याची आई बसली. पहिल्याच स्पीडब्रेकरला ती कळवळली, “अरे, कंबर मोडली माझी!” श्रीरंगनं गाडी थांबवून पाना काढला.

“मी तर कडक होते ना? सगळे म्हणाले!” स्प्रिंग रडवेली झाली.

तिला सैल करत पाना हळूच म्हणाला, “म्हणाले गं. पण ते रस्त्याकडेला उभे होते. आत बसली ती आई.”