शमुवेलचा डावा हात

तीनशे उंबऱ्यांचे एक गाव होते. गावात एक दगडी चर्च होते. त्या चर्चमध्ये अगदी शेवटच्या सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून बसणारा शमुवेल नावाचा एक शेतकरी होता. थंडी असो की वैशाखाचे ऊन, त्याचा डावा हात कायम पंच्यात गुंडाळलेला असे.

त्याचे असे झाले. सात वर्षांपूर्वी शमुवेल दारू पीत असे, आणि थोडीथोडकी नव्हे. बायको रिबका हिने फारच लावून धरले, तेव्हा एका रविवारी भर उपासनेत त्याने शपथ घेतली. उजवा हात वर, डावा हात पवित्र शास्त्रावर. "आजपासून शिवणार नाही." महिनाभर खरोखरच शिवला नाही. मग कोणाच्या तरी वरातीत कोणीतरी पेला पुढे केला, आणि शपथ तिथेच संपली. घरी आला तो तर्र होऊन. म्हशीला वैरण घालायची म्हणून कडबा कापायची कुट्टी सुरू करून बसला, आणि कडब्याच्या पेंढीबरोबर डाव्या हाताची मधली तीन बोटे आत गेली.

गाव फुंकर घालायला आले आणि मीठ चोळून गेले. "शपथेचा हात होता, देवानं घेतला," असे जो तो म्हणू लागला. आता शपथेचा हात म्हणजे वर केलेला उजवा की शास्त्रावर ठेवलेला डावा, यावर पारावर दोन दिवस वाद झाला. शेवटी ज्या हाताची बोटे गेली तोच शपथेचा, असे ठरले. लोकांना असले निकाल फार सोपे जातात.

त्या दिवसापासून शमुवेलने दारूचा थेंब घेतला नाही. पण हे कोणाच्या ध्यानातच आले नाही, कारण सगळ्यांचे लक्ष पंच्याकडे होते. शमुवेलचेही.

सात वर्षांनी रिबकाला मुलगी झाली. घरात आनंदीआनंद झाला, आणि पाठोपाठ शमुवेलला धास्ती बसली. कारण त्या चर्चची एक जुनी रीत होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाला आईने नाही, बापाने पुढे न्यायचे. आणि छातीशी धरून नाही, तर दोन्ही उघड्या तळहातांवर निजवून. देवाने दिलेले देवापुढे असेच धरावे, असे जुने लोक म्हणत. पाळकसाहेब विचारीत, "या लेकराला कोण आणतो?" बापाने म्हणायचे, "मी, याचा बाप." बाप हयात नसेल तरच मामाने पुढे व्हायचे.

शमुवेलने मेव्हण्याला, अमोसला, निरोप धाडला. "रविवारी मला ताप आहे. तू ये आणि पोरीला ने." तेव्हा रविवारला अजून आठ दिवस होते. आठ दिवस आधी ताप कळणारा गावात तो एकटाच.

रिबकाला निरोप कळला. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बाप मेल्यावर मामा पोर नेतो. तुम्ही कधी मेलात, ते तरी सांगा."

हे मात्र शमुवेलच्या जिव्हारी लागले. आपल्याच लेकीचा बाप म्हणून उभे राहायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. तो उठला आणि पाय नेतील तिकडे निघाला. पाय चर्चकडे गेले.

आत सगुणाबाई झाडत होत्या. या बाईंनी चाळीस वर्षे गावोगाव पायी फिरून लोकांना प्रभूच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आता गुडघे थकले म्हणून त्या चर्चची झाडलोट करीत. जीभ मात्र थकली नव्हती.

"पोरीला मामा नेणार म्हणं," त्या म्हणाल्या.

"माझा हात देवानं घेतला, मावशी. तोच हात त्याच्यापुढं कसा धरू?"

"देवाला तुझ्या बोटांची काय भाजी करायची होती? बोटं कुट्टीनं घेतली, आणि कुट्टीपाशी तुला दारूनं बसवलं. देवाचं नाव मधी घालू नको."

शमुवेलने पंच्यातला हात पाठीमागे नेला.

"मेलेल्यातून उठल्यावर प्रभूनं त्या शंकेखोर शिष्याला, थोमाला, काय दाखवलं?" सगुणाबाईंनी विचारले.

"हात."

"धडधाकट?"

"न्हाई. खिळ्यांच्या खुणांचे."

"जो थडग्यातून बाहेर आला, त्याला दोन भोकं बुजवता आली नसती? पण त्यानं ती राहू दिली, आणि चारचौघांत दाखवली."

"त्याची गोष्ट येगळी, मावशी," शमुवेल म्हणाला. "त्याच्या हातावर त्याचं पाप नव्हतं. माझ्या हातावर माझंच हाय."

सगुणाबाईंनी झाडू थांबवला. "मग त्याच्या हातावर कोणाचं होतं रे?"

याचे उत्तर शमुवेलला पाठ होते. शेवटच्या सतरंजीवर बसून त्याने ते शेकडो वेळा ऐकले होते. पण त्याने ते 'जगाचे पाप' असे ऐकले होते. जगात आपणही येतो, हे त्याला आज कळले. तो तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला. सगुणाबाईंनी त्याला रडू दिले आणि उरलेली जमीन झाडून घेतली.

रविवार उजाडला. अमोस परीटघडीचे कपडे घालून आला आणि पहिल्या रांगेत बाह्या सारख्या करीत उभा राहिला. पाळकसाहेबांनी विचारले, "या लेकराला कोण आणतो?"

अमोस हलण्याआधी मागून शमुवेल उठला. भीती गेली होती असे नाही. "प्रभू, तू आधी दाखवलेस. आता मी दाखवतो," एवढे तो मनात म्हणाला. त्याने पंचा सोडला आणि सतरंजीवर ठेवला. रिबकाने बाळ त्याच्या तळहातांवर निजवले. डावा हात कमी पडत होता, म्हणून त्याने मनगट थोडे वर उचलले. मग माणसांच्या दोन रांगांमधून तो सावकाश पुढे गेला. ज्यांना बघायचे होते त्यांनी डोळे भरून बघितले.

"मी, हिचा बाप," तो म्हणाला. पोरीचे नाव एस्तेर ठेवले.

इथे गोष्ट संपली असती. पण खरी परीक्षा अंगणात होती. अमोसची बायको परगावची, आवाजाने खणखणीत. तिने तो हात आजच पहिल्यांदा पाहिला होता. सगळ्यांसमोर तिने विचारले, "दाजी, बोटं कशानं गेली ओ?"

लोक उगाचच चपला शोधू लागले. 'कुट्टीने' असे शमुवेल म्हणाला असता, तरी ते खोटे नव्हते. ते अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे हाही एक पंचाच असतो.

"दारूनं," शमुवेल म्हणाला. "देवापुढं शपथ घेतली व्हती, ती मी मोडली. त्यानं मला टाकलं न्हाई."

सात वर्षे गाव जे पाठीमागे कुजबुजत होते, ते त्याने भर दुपारी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकले. त्या दिवशी संध्याकाळी पारावर माणसे जमली, पण शमुवेलविषयी बोलायला कोणाकडे काही उरले नव्हते.

तात्पर्य: झाकलेली चूक लाज वाढवते. ज्या प्रभूने आपल्या सगळ्यांचे पाप स्वतःच्या हातांवर घेतले, त्याच्यापुढे हात उघडा करावा. मग तो माणसांपासून लपवावा लागत नाही.