तांडेलानं पुरतं ऐकून घेतलं

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा कोळी होता. नाव पोशा. भोळा किती? तर कुणी "बस जरा" म्हटलं की तो जराच बसायचा आणि उठून चालायला लागायचा.

पोशाच्या बाची होडी होती. बाचे गुडघे धरले, तेव्हा त्यानं पोशाला तांडेल केलं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हाताखाली तीन खलाशी. जान्या, धर्मा आणि काशा.

बा म्हणाला, "पोरा, खलाशी चुकले तर गप्प बसू नकोस. चांगली कानउघाडणी कर."

पहिल्याच दिवशी जान्यानं गाठ सैल बांधली. नांगर सुटून तळाला गेला. पोशानं जान्याला आडवं निजवलं, कानात कोमट खोबरेल ओतलं आणि कोंबडीच्या पिसानं कान साफ केला. जान्याला गुंगी यायला लागली.

"झालं?"

"कूस बदल. दुसरा उघडायचाय."

दुसऱ्या दिवशी धर्मा मुद्दाम वल्ही किनाऱ्यावर विसरून आला. त्याचा कान कधीचा खाजत होता.

बानं कपाळावर हात मारला. "अरे, कानउघाडणी म्हणजे बोलायचं असतं! आणि ऊठसूट बोलायचंही नसतं. म्होरक्यानं लहानसहान चुका पोटात घालाव्यात."

"घालतो," पोशा म्हणाला.

मग एकदा काशानं होडीवर भात करपवला. पोशानं पातेलं पुढ्यात ओढलं आणि तळापर्यंत खरवडून खाल्लं. खलाशी बघत राहिले.

"तांडेल, आमचा भात?"

"काशाची चूक होती," पोशा ढेकर देत म्हणाला. "पोटात घातली."

बा म्हणाला, "चूक सांगायची रे! पण चारचौघांत नाही. माणसाला बाजूला घ्यायचं, आधी दोन गोड शब्द बोलायचे, मग चूक सांगायची."

त्यानंतर एक दिवस होडी पापलेटांनी भरली. परतताना पोशाला दिसलं, जान्यानं सैल लावलेलं तळाच्या भोकाचं बूच निघालंय. पाणी आत येतंय. पोशानं तोंड उघडलं आणि माणसं मोजली. जान्या, धर्मा, काशा आणि आपण. बरोबर चारचौघं! आता बाजू आणायची कुठून? त्यानं जान्याचा हात धरला आणि समुद्रात उडी मारली.

"जानूदादा," पोशा पाण्यात हातपाय मारत म्हणाला, "तुझ्या मिशा झोकदार आहेत."

"काय?"

"आणि गातोसही छान."

"अरे, झालंय काय?"

"होडीला बूच नाही."

वर चढून पाणी उपसेपर्यंत निम्मी पापलेटं वाहून गेली.

आता मात्र खलाशी चिडले. "हा सांगतो भलतंच, आणि आमचं ऐकत नाही. आम्ही दुसऱ्या होडीवर जातो."

पोशा धावत बाकडं गेला. खलाशी गेले तर होडी किनाऱ्यालाच कुजायची. बानं त्याला जवळ बसवलं. "हे बघ, कुणी आपली चूक सांगितली तर मध्ये बोलायचं नाही. सबबी सांगायच्या नाहीत. पुरतं ऐकून घ्यायचं. त्यावर रात्रभर विचार करायचा. पटलं तर तसं वागायचं."

दुसऱ्या दिवशी होडी वाऱ्यावर सुसाट निघाली. पुढं उभा असलेला काशा ओरडला, "तांडेल, चुकतोयस! समोर खडक आहे!"

पोशानं सुकाणू सोडलं आणि हात जोडून बसला. "बोल, काशादादा."

"उजवीकडं वळव!"

"अजून काही?"

"अरे, आपटेल!"

"मनाला लागलं," पोशा म्हणाला, "पण सांगितलंस ते बरं केलंस. मी रात्रभर विचार करतो."

होडी आपटली. फळ्या सुट्या झाल्या. चौघं कसेबसे खडकावर चढले. तिघं झोपले. पोशा विचार करत बसला.

सकाळी बा शेजाऱ्याची होडी मागून घेऊन शोधत आला. त्यानं होडी खडकाच्या डाव्या अंगाला लावली. पोशा टुणकन आत उतरला.

"बा, विचार केला! काशाचं बरोबर होतं!"

बा बिचारा एकेका खलाशाला हात देऊन आत घेत होता. काशाचा पाय होडीत पडला, शिडात वारा भरला, आणि पोशानं सुकाणू धरून होडी झोकात उजवीकडं वळवली.

थोड्या वेळानं बा त्याच खडकावर बसून धोतर पिळत होता. तो लाल डोळ्यांनी पोशाकडं बघायला लागला. पोशा हात जोडून त्याच्यासमोर बसला.

"बोल बा. मी मध्ये बोलणार नाही."