उंबरठ्यावरचा पहिला ठोका

नदीकाठच्या एका नगरात, फार पूर्वी, गाण्याबजावण्याचा मोठा उत्सव भरायचा. देशोदेशीचे रसिक यायचे आणि तेवढ्या आठवड्यापुरता एकेका खोलीला सोन्याचा भाव यायचा. मग काय! कालपर्यंत भाडेकरूला ‘आमच्या घरचाच माणूस’ म्हणणारे घरमालक त्याला ओळखेनासे व्हायचे.

अशाच एका मालकाच्या खोलीत नगारा वाजवणारी एक बाई म्हाताऱ्या सासूसह राहत होती. नगराची रीत अशी, की नगारेवालीने आपल्या राहत्या घराच्या उंबरठ्यावर पहिला ठोका द्यायचा. त्याशिवाय उत्सव सुरूच होत नसे.

मालक म्हणाला, “बाई, आठवडाभर खोली मोकळी करा. पाहुणे येणार आहेत.”

“आणि या म्हातारीला घेऊन मी कुठं जाऊ?”

“घाटावर जा. खोली माझी आहे.”

बाईने सासूला हातगाडीत बसवलं, शेजारी नगारा ठेवला आणि घाट गाठला. बघते तर तिथे आचारी, फुलवाल्या, दिवे लावणारे, सगळेच आलेले! सगळ्यांनाच मालकांनी बाहेर काढलं होतं. वाऱ्याने चुली पेटत नव्हत्या, सासू खोकून बेजार झाली होती. बाईला रडू आलं नाही. संताप आला.

उत्सवाच्या सकाळी नगराचे पंच नटूनथटून घाटावर आले. “चला बाई, द्या ठोका.”

“कुठं देऊ? मला घर कुठाय?”

“इथंच द्या की. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना!”

तेवढ्यात घरमालक धापा टाकत आला. उजाडून गेलं तरी गाणं नाही म्हणून पाहुणे बिछाने गुंडाळू लागले होते. तो बाईच्या कानाशी लागला, “परत चला. पण गुपचूप, तुम्ही दोघीच.”

बाईने सासूकडे पाहिलं. म्हातारीने मान हलवली, नाही म्हणून.

बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “ही सगळी माणसं आपापल्या घरी जातील, तेव्हाच मी नगाऱ्याचं टिपरू उचलीन.”

“ही तर धमकी झाली!” पंच ओरडले.

“झाली तर झाली.”

दुपारपर्यंत पंचांनी वाट पाहिली, मग मुकाट्याने हुकूम काढला. घाट रिकामा झाला, घरोघरी चुली पेटल्या आणि नगारा असा घुमला, की नदीपलीकडच्यांनीही ऐकला. पाहुण्यांना मालकांनी आपल्याच माड्या दिल्या आणि स्वतः अंगणात पथाऱ्या टाकल्या.

डास मारत बसलेल्या घरमालकाला बायको म्हणाली, “खोली मोकळी करा म्हणणं सोपं असतं, नाही?”

तात्पर्य एवढंच: ज्यांच्या राबण्यावर उत्सव उभा राहतो, त्यांना बेघर करून कुणी उत्सव मागू नये. आणि मागितलाच, तर त्यांनी तो देऊ नये.